पावसाळ्यात न लागणारा विशाळगड

स्मरणिकेच्या कामाला सुरुवात झाली तेव्हा समितीकडून मला फोन आला. फोन करणारी आपल्याच वर्गातली. म्हणाली, "तू त्या बॅगाटेलवर लिही. सगळ्यांना आठवतंय ते. आणि चॅम्पियन तर तूच होतीस." मी हो म्हटले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहिले. त्या चॅम्पियनपणाबद्दल तिला एक गोष्ट सांगायची बत्तीस वर्षे राहून गेली आहे. ती या लेखात येईलच. पण समितीने 'इतिहासपर लेख' मागितला आहे, म्हणून आधी इतिहास.

ज्यांना ती फळी नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन. १९९३ च्या उन्हाळी सुट्टीत, आपण आठवीत जाणार होतो तेव्हा, चित्रकलेच्या सरांनी ती बनवली. साधारण साडेतीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा प्लायवुडचा तुकडा, गॅदरिंगच्या नाटकाच्या सेटमधून उरलेला. कडेच्या पट्ट्या आपल्याच वर्गातल्या एकाच्या वडिलांनी मारून दिल्या. ते सुतारकाम करत. छर्रे ट्रकच्या जुन्या बेअरिंगमधले, पाच. उजवीकडच्या गल्लीतला दांडा ओढून सोडायचा, त्याची स्प्रिंग सरांनी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या भंगारातून आणली होती. बाजारात तेव्हा बॅगाटेल मिळत असे, कोणाकोणाच्या घरी होतेही. त्यावर बहुधा जोकर नाहीतर मोटारी असायच्या. आपल्या फळीवर होता पन्हाळ्याचा वेढा.

सरांनी त्यावर १६६० सालच्या जुलैमधली ती रात्र रंगवली होती. वर उजव्या कोपऱ्यात गड, तटावर पेटलेले पलिते. आभाळ काळे-निळे, आणि त्यात चंदेरी रंगाने ओढलेली वीज. ट्यूबच्या उजेडात ती वीज खरोखर चमकायची. गडाखाली सिद्दी जौहरच्या छावणीचे तंबू, मध्ये मसाई पठाराचा लांबट सपाट पट्टा, मग पांढरपाणी, मग घोडखिंड, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, नकाशात पश्चिमेला असतो तसा, विशाळगड. छर्रा गडावरून सुटायचा आणि खिळ्यांच्या पहाऱ्यातून वाट काढत खाली यायचा. मसाई पठाराच्या कप्प्यात गेला तर १००, पांढरपाणी ३००, पावनखिंड ५००, विशाळगड १०००. मधोमध खाली सिद्दीची छावणी, तिथे शून्य. आणि एक छोटा कप्पा शिवा काशीद यांचा. त्यात छर्रा पडला तर गुण नाहीत, पण तो छर्रा परत मिळे, पुन्हा मारायला. नेबापूरहून येणाऱ्या मुलांना या कप्प्याचा फार अभिमान होता, कारण त्यांची समाधी त्यांच्या गावात. राजांचा वेष घेऊन स्वतः पकडला गेलेला माणूस आपल्याला आणखी एक संधी देतो, हे त्या कप्प्याने मला जसे समजावले तसे धड्याने समजावले नव्हते.

आता या खेळाचे मूळ. पॅरिसच्या सीमेवर बोआ द बुलोन्यच्या रानात 'बागातेल' नावाचा एक छोटा महाल आहे. फ्रान्सच्या राजाचा धाकटा भाऊ, आर्त्वाचा काउंट, याने आपली वहिनी मारी आंत्वानेत हिच्याशी पैज लावून १७७७ साली तो ६४ दिवसांत बांधून घेतला. टेबलावर काठीने गोळ्या ढकलायच्या, खुंट्यांमधून भोकांत पाडायच्या, या खेळाला तेच नाव मिळाले. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ क्षुल्लक गोष्ट, फुटकळ काम. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या मूळच्या इंग्रज कारागिराने १८७१ साली 'बॅगाटेलमधील सुधारणा' या नावाने पेटंट घेतले. काठीऐवजी स्प्रिंगचा दांडा, मोठ्या गोळ्यांऐवजी छोट्या गोट्या, आणि उतरती फळी. म्हणजे सरांनी सुट्टीत बनवले ते यंत्र तत्त्वतः रेडग्रेव्हचेच होते, एकशे बावीस वर्षांनी, पन्हाळ्यावर.

१९३१ साली शिकागोत डेव्हिड गॉटलिब यांनी नाणे टाकून खेळायचे 'बॅफल बॉल' काढले. मंदीचे दिवस होते, माणसे बेकार होती, आणि एका पेनीत पाचसात गोळ्या मारायला मिळत. खेळ वणव्यासारखा पसरला. त्याच सुमारास रेमंड मोलोनी यांनी 'बॅलीहू' काढले, आणि त्या नावावरूनच पुढे 'बॅली' ही प्रसिद्ध कंपनी झाली. १९३३ च्या 'कॉन्टॅक्ट' या यंत्रात हॅरी विल्यम्स यांनी वीज आणली. खड्ड्यात पडलेली गोळी आपोआप बाहेर फेकली जाऊ लागली. या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट मात्र आपल्या फळीसारखीच होती. एकदा गोळी सुटली की पुढे खेळणाऱ्याच्या हातात काही नाही.

आणि इथेच तो प्रश्न येतो, जो आपल्या शाळेतही आला होता. आठवते? जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ती फळी चित्रकलेच्या वर्गात मांडल्यावर पंधरवड्याच्या आत एका पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली: शाळेत जुगार शिकवता का? सरांना बोलावणे आले. सरांचे उत्तर शिपाईमामांनी आपल्याला येऊन सांगितले होते: "पैसे नाहीत, पैज नाही. मुलं पन्हाळा ते विशाळगड वाट पाठ करताहेत." फळी राहिली. पण नियम लागला: मधल्या सुट्टीतच खेळायचे, एकेकाने पाच छर्रे, आणि फळीला हात लावायचा नाही.

हाच वाद न्यूयॉर्कमध्ये चौतीस वर्षे चालला. तिथले महापौर ला ग्वार्डिया यांचे म्हणणे होते की पिनबॉल हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, म्हणजे जुगार, आणि तो शाळकरी पोरांच्या खिशातले पैसे लुटतो. १९४२ साली शहरात बंदी आली. पोलिसांनी हजारो यंत्रे उचलली, महापौरांनी स्वतः हातोडा घेऊन ती फोडतानाची छायाचित्रे छापून आली. गंमत अशी की बंदीनंतर पाचच वर्षांनी, १९४७ मध्ये, गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बटण दाबले की हलणारे ते छोटे हात, ज्यांनी पडणारी गोळी परत वर मारता येते. खेळ कौशल्याचा झाला, पण कायदा जुन्याच यंत्राकडे पाहत राहिला.

१९७६ साली ही बंदी उठवण्यासाठी रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला शहराच्या समितीपुढे यंत्रावर खेळून दाखवायला सांगितले. त्याने दांडा हातात घेतला आणि आधी सांगितले: आता मी गोळी मारतो, ती वरच्या मधल्या गल्लीतून खाली येईल. आणि ती आली. समितीने बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. पुढे शार्पनेच कबूल केले की त्या फटक्यात नशिबाचाही वाटा होता. पण मला त्यातला महत्त्वाचा भाग गोळी लागली हा वाटत नाही. त्याने ते आधी, सगळ्यांसमोर सांगितले, हा वाटतो. आपल्याकडेही १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते, हा प्रश्न जिथे गोळी उतारावरून सोडली जाते तिथे तिथे उभा राहतो.

आपल्या फळीवर तो पहिल्याच पावसात उभा राहिला.

पन्हाळ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. वर्गाच्या खिडकीतून धुके आत येई आणि शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे दिसेनासे होई. वह्यांची पाने दमट, दप्तरांना वास, युनिफॉर्म चुलीवर धरून वाळवायचे. अंबारखाना बांधणाऱ्यांना ही हवा माहीत होती. म्हणून त्या कोठारांच्या भिंती तेवढ्या जाड. आपल्या फळीला मात्र कोणी भिंत बांधली नव्हती. जुलै लागला आणि विशाळगड लागेनासा झाला. जूनमध्ये पाचांतला एखादा छर्रा सहज तिथे जायचा. आता चांगला डावीकडून निघालेला छर्रासुद्धा मसाई पठारापाशी मध्याकडे वळायचा आणि सरळ सिद्दीच्या छावणीत. खिळे गंजले, त्यांचे ओघळ रात्रीच्या आभाळावरून खाली उतरले. कोणीतरी म्हणाले, सिद्दीला पावसाळा मानवलाय. पोरे हसली, पण चिडलीही. ज्या पावसाच्या रात्री राजे खरोखर निसटले, तेवढ्याच दिवसांत आपल्या फळीवर कोणी निसटत नव्हते.

याचे कारण मला इंजिनिअरिंगला गेल्यावर नीट कळले. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवतात, ते वाकू नये म्हणूनच. पण सरांनी पुढच्या बाजूला तैलरंगाचे तीन-चार हात दिले होते आणि मागची बाजू कोरी ठेवली होती. लाकूड हवेतले पाणी पिते आणि फुगते. रंगाखालची बाजू कोरडी राहिली, मागची फुगली, आणि फळी पुढच्या बाजूने खोलगट झाली. मधोमध जेमतेम करंगळीच्या नखाएवढी खोली. पण छर्र्याला तेवढी पुरते. पन्हाळ्यावर राहून फळीला पन्हळ पडली होती. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ती पुन्हा सरळ होई, आणि आपण समजायचो की आपलाच हात बसला.

पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे १९९४ साली, आपण नववीत असताना, ही पन्हळ दोघींच्या लक्षात आली. एक ती, जिने मला फोन केला. दुसरी मी.

तिने तिच्यावर खेळून उपाय शोधला. महिनाभर रोज मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून ती त्या दांड्याशी असायची. तिला सापडले ते असे: दांडा पूर्ण ओढायचा. छर्रा वरच्या कमानीतून जाऊन डाव्या कोपऱ्यावर आपटतो, तिथे त्याचा जोर मरतो, आणि मग तो डाव्या पट्टीला घासत घासत सावकाश उतरतो. पट्टीजवळचे खिळे त्याला मध्याकडे जाऊ देत नाहीत. तरीही पाचांत एखादा लागायचा, फार तर दोन. पण भर जुलैत विशाळगड लागला की वर्गात आरडाओरडा व्हायचा. आणि ती हे विचारेल त्याला सांगायची. मलाही तिनेच दांडा धरून दाखवले होते: "पूर्ण ओढ, घाबरू नको, जोर वर मरतो." मला तसे जमत नव्हते. दांडा सोडताना माझा हात हलायचा.

मी दुसरा उपाय शोधला. फळी दोन बाक जोडून त्यांवर ठेवलेली असे आणि तिची खालची कड चार बोटे बाहेर यायची. खेळणारा तिथेच उभा राहणार. उजव्या बाजूला नीट उभे राहिले, तर स्कर्टच्या आड गुडघा त्या कडेला लागतो. गुडघ्याने कोपरा अगदी किंचित उचलला, की छर्रा डावीकडे राहतो. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. नियम होता 'हात लावायचा नाही'. गुडघ्याबद्दल नियम नव्हता, असे मी मनाशी म्हणायची.

पिनबॉलच्या इतिहासात हा प्रकार पहिल्या दिवसापासून आहे. लोक यंत्र उचलायचे, हलवायचे, खालून बुक्के मारायचे. वर ज्यांचा उल्लेख केला त्या हॅरी विल्यम्स यांनी आधी यंत्राच्या तळाला खालून खिळे ठोकले, म्हणजे बुक्का मारणाऱ्याचा हात फुटावा. माझ्या गुडघ्याचे काय झाले असते! मग त्यांनी 'टिल्ट'ची युक्ती काढली. ती पुढे ज्या रूपात स्थिरावली ती गवंड्याच्या ओळंब्यासारखी आहे: यंत्राच्या पोटात एका कड्यातून वजन लावलेली धातूची दांडी लोंबते. यंत्र मर्यादेबाहेर हलले की दांडी कड्याला टेकते, वीज जोडली जाते आणि डाव संपतो. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की ओळंबा थोडे हलवू देतो. हलके धक्के देऊन गोळी वळवणे हे पिनबॉलमध्ये कौशल्यच मानतात. पण ते सगळ्यांसमोर, सगळ्यांना तेवढेच, आणि मर्यादा यंत्र सांगणार. माझ्या गुडघ्याला ओळंबा नव्हता.

श्रावणात स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत आम्ही दोघी. बाहेर धुवाधार पाऊस, वर्गात ट्यूब लावलेली, चंदेरी वीज चमकत होती. ती आधी खेळली. एक विशाळगड, एक पांढरपाणी, एक मसाई. तिचे १४०० झाले आणि सगळा वर्ग तिच्या बाजूने ओरडत होता. मग मी. दोन विशाळगड, एक पावनखिंड. २५००. हिरोचे सोनेरी टोपणाचे पेन मला मिळाले. तिने सगळ्यांत आधी माझा हात हातात घेतला आणि विचारले, "कसं केलंस गं? मला दाखव ना." मी म्हटले, "असंच. लागलं." सर पेन देताना फळीकडे पाहत होते. म्हणाले, "पावसात विशाळगडला इतक्या सहज कोणी गेलं नव्हतं." सर, तुम्ही हे वाचत असाल तर विचारते: तुम्हाला दिसले होते का? मला ते अजून कळलेले नाही.

त्यानंतर ती फारशी खेळली नाही. तिला वाटले, आपली रीत चुकली. महिनाभर घासून १४००, आणि हिचे न घासता २५००. हे तिने मला तेव्हाच सांगितले होते, तक्रार म्हणून नव्हे, सहज. मी ऐकून घेतले.

दिवाळीत त्या सुतारकाकांनी फळी पाहिली आणि एका वाक्यात निकाल दिला: मागनं पण रंग द्या. सरांनी मागच्या बाजूला दोन हात दिले. दहावीच्या पावसाळ्यात फळी जवळपास सरळ राहिली. विशाळगड जूनमध्ये लागायचा तसाच ऑगस्टमध्येही लागायचा. आणि तुम्हाला आठवत असेल, हळूहळू तिच्याभोवतीची गर्दी कमी झाली. दहावीचे वर्ष, क्लास, अभ्यास, हे सगळे खरे. पण आणखी एक कारण होते असे मला वाटते. ती फळी वाकडी होती तेव्हा तिला ओळखावे लागायचे. आज हवा कशी आहे, छर्रा कुठे वळेल, कोणता खिळा सैल झाला. सरळ झाल्यावर तिच्यात ओळखण्यासारखे फार उरले नाही.

असे वाटणारी मी एकटी नाही, हे मला पुढे कॅलिफोर्नियात समजले. कामानिमित्त गेले असताना एका रविवारी जुन्या पिनबॉल यंत्रांच्या संग्रहालयात गेले. तिथे १९८२ सालचे 'ऑर्बिटर वन' होते, शिकागोच्या स्टर्न कंपनीचे. मी त्याच्यासमोर थबकलेच. पिनबॉलची फळी सपाट असते, हा पहिला नियम. इथे फळीच मुद्दाम वाकडी. चंद्राच्या पृष्ठभागासारखे खड्डे आणि उंचवटे असलेले पारदर्शक प्लास्टिक, त्याच्या खाली चंद्राचे चित्र, त्यावरून दिव्यांचा उजेड. दिसायला इतके देखणे की हात लावायला भीती वाटावी. खेळायला मात्र अवघड, खरे तर सदोष. नेम धरून मारलेली गोळी उंचवट्याला वळसा घालून भलतीकडेच जाते. मधले फिरते बंपर तिला आणखी भरकटवतात. नेम धरून मारण्यासारखे त्यात फार काही नाही. जाणकार त्याला चांगले यंत्र म्हणत नाहीत. शेजारी उभा असलेला एक म्हातारा मला म्हणाला, एकदा खेळा आणि पुढे चला.

मी पाऊण तास तिथून हलले नाही. पहिली दहा मिनिटे गोळी कशीही जात होती. मग जाणवू लागले की या उंचवट्यावरून ती अशी उतरते, त्या खड्ड्याशी अशी रेंगाळते. नेम धरायचा तो गोळीवर नव्हे, उतारावर धरायचा. मला जुलैमधली आपली फळी आठवली आणि तिची रीत आठवली: जोर वर मारायचा आणि मग पट्टीला घासत जाऊ द्यायचे. चंद्रावर तिची रीत चालली. तिथे उभ्या उभ्या मला पहिल्यांदा स्पष्ट दिसले की त्या स्पर्धेत खेळली ती एकटीच होती.

सुंदर आणि सदोष यंत्रे पिनबॉलमध्ये बरीच आहेत. अटारीने १९७९ साली 'हर्क्युलिस' काढले, त्यात गोळी बिलियर्ड्सच्या चेंडूएवढी आणि यंत्र माणसापेक्षा उंच. बघायला लोक गोळा व्हायचे, पण एवढ्या मोठ्या यंत्रात गोळी इतकी सावकाश चालायची की खेळणारा कंटाळायचा. तरी लोक त्याच्याजवळ जातात, आणि जाऊन फसवले गेल्यासारखे त्यांना वाटत नाही. कारण दोष समोर आहे. ऑर्बिटरचे खड्डे काचेतून दिसतात. जो खेळायला उभा राहतो त्याला ते माहीत असतात, आणि समोरच्यालाही.

माझ्या धंद्यातही हेच आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, १९९६ नंतर दोन वर्षांनी, कॉलेजच्या लॅबमधल्या विंडोज एनटीच्या संगणकांवर पिनबॉल होते. 'स्पेस कॅडेट', निळ्या-जांभळ्या अंतराळाचे. आपल्यापैकी अनेकांनी पुढे ऑफिसमधल्या विंडोज एक्सपीवर ते खेळले असेल. त्यात धक्का द्यायच्याही कळी होत्या आणि जास्त धक्के दिले की टिल्ट. व्हिस्टा आली तेव्हा तो खेळ गायब झाला. मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी २०१२ साली त्याचे कारण लिहिले: ६४ बिटच्या यंत्रणेवर आणताना गोळी वस्तूंना आपटण्याऐवजी त्यांच्या आरपार जाऊ लागली. मूळ प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेला, त्यात टिपणे जवळजवळ नाहीत. चूक कुठे आहे ते सापडेना, म्हणून खेळ वगळला. हे वाचून मला त्यांचा राग आला नाही, उलट बरे वाटले. सापडले नाही, असे कोणी मोकळेपणाने लिहिले होते.

आज मी ज्या टीमबरोबर काम करते तिथे नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगते. प्रोग्रॅममध्ये दोष असणारच. जो दोष सगळ्यांना माहीत आहे त्याच्याबरोबर काम करता येते, कधी कधी त्याच्यावर प्रेमही बसते. जो दोष एकालाच माहीत आहे आणि तो लपवून स्वतःचे काम साधतो, तिथे दोष प्रोग्रॅमचा राहत नाही. मुले वहीत उतरवून घेतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, हे मी त्यांना सांगत नाही.

फळी वाकडी होती यात कोणाचाच गुन्हा नव्हता. सरांनी उरलेल्या प्लायवुडवर, स्वतःच्या पैशांच्या रंगाने, आख्खी एक रात्र रंगवली, आणि तिच्यावर पन्हाळ्याच्या हवेने स्वतःचे काम केले. त्या वाकडेपणामुळेच ती आपल्याला तीस वर्षांनी आठवते आहे. खोटे होते ते त्या दिवशीचे २५००.

समितीने कळवले आहे की शाळेच्या अडगळीच्या खोलीत ती फळी सापडली. रंगाचे पोपडे गेलेत, दोन कप्पे तुटलेत, विशाळगड शाबूत आहे. छर्रे नाहीत. छर्रे मी आणते, पाच, बेअरिंगचेच. ते पेनही आणते. बत्तीस वर्षांत त्यात शाई भरलेली नाही.

आणि तुला, ज्या तुला हे सगळ्यांच्या आधी मुद्रितशोधनात वाचायला मिळणार आहे: मला नेमके काय केले ते तू तेव्हा विचारले होतेस. उत्तर वर लिहिले आहे. संमेलन जुलैत आहे, फळी पाऊस पीतच असेल. फळीच्या मागचा रंगही एव्हाना गेला असेल, म्हणजे पन्हळ परत आली असणार. आधी तू खेळ. मग मी खेळेन, बाकापासून हातभर मागे उभी राहून.